भर पावसातली सावली आणि ऑक्टोबरचं ऊन: गिरणाऱ्याच्या एका ऑर्किड पॉलिहाऊसचं प्रकरण

नाशिकहून पश्चिमेला, गिरणाऱ्याच्या शिवारात वीस गुंठ्यांचं एक पॉलिहाऊस आहे. आधी तिथे ढोबळी मिरची होती. मिरचीचा भाव आणि थ्रिप्स (फुलकिडे) या दोन्हींना कंटाळून मालकांनी डेंड्रोबियम ऑर्किड लावलं. जात सोनिया, जांभळ्या-पांढऱ्या फुलांची. रोपं बेंचवर, नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांत, वर धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर. फुलं दादरच्या बाजारात जातात, लग्नसराईत थोडी नाशकातल्या डेकोरेशनवाल्यांकडे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. पॉलिहाऊसचा रोजचा कारभार मात्र त्यांच्या सूनबाई बघतात. फवारणीची वही, मजुरांचा हिशेब, आडत्याचे फोन, सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना ताई म्हणतो.

मला निरोप आला तो नवरात्रात. मोबाइलवर पानांचे फोटो आणि खाली एकच ओळ: "करपा आलाय, काय मारू?"

मी पोचेपर्यंत दोन बुरशीनाशकं आणि एक जिवाणूनाशक मारून झालं होतं. अण्णांचं म्हणणं, रोग हटत नाही. ताई म्हणाल्या, "अण्णा, जुना चट्टा वाढत नाहीये. काल ज्या पानावर रुपयाएवढा होता, आजही तेवढाच आहे. पण शेजारचं नवीन पान लागतंय." निदानाचं निम्मं काम या एका निरीक्षणाने केलं. बुरशीचा किंवा जिवाणूचा चट्टा एका जागी थांबत नाही. तो पसरतो, कडेला पिवळी झाक येते, जिवाणूचा असेल तर ओलसर दिसतो, दाबला की वास येतो. इथले चट्टे कोरडे होते, मधे पांढरट-तपकिरी, कागदासारखे. आणि ते होते कुठे? पान जिथे वळून आभाळाकडे पाठ करतं, नेमके तिथे. पानाच्या खालच्या बाजूला काही नाही, दुसऱ्या पानाच्या सावलीत असलेल्या भागाला काही नाही. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बेंचवर जास्त, मधल्या बेंचवर कमी. रोग दिशा बघून येत नाही. हे ऊन होतं.

अण्णांना ते पटेना, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर पटण्यासारखं नव्हतंच. "मे महिन्यात चाळीस डिग्रीत काही झालं नाही, आणि आता ऑक्टोबरात भाजलं? उलट आहे का सगळं?"

मे महिन्यात यंदा काही झालं नव्हतं, कारण आदल्या वर्षीच्या मेमध्ये झालं होतं. प्रकरण तिथून सुरू होतं.

डोक्यावर नेट आलं कसं

रोपं पुरवणाऱ्याने सांगितलं होतं: डेंड्रोबियमला 50 टक्के शेड, म्हणजे निम्मी सावली, बारा महिने. हा हिशेब थायलंडचा. तिथे बँकॉकच्या आसपास ऑर्किड मोठ्या प्रमाणावर नुसत्या शेडनेटखाली होतं, वर प्लास्टिक नसतं. हवा वर्षभर दमट, थंडीतही रात्री आपल्यासारखा गारठा नाही. त्या हवेत एक नेट बारा महिने चालून जातं. नाशिकला एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी होते की धुतलेला शर्ट तासाभरात वाळतो, जूनच्या मध्यावर आभाळ भरून येतं ते सप्टेंबरपर्यंत, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. निफाडच्या बाजूला तर त्याहून खाली. एकाच नेटवर हे चारही ऋतू निभावणार कसे?

अण्णांनी तरी सांगितलं तसं केलं. मिरचीच्या वेळची छताची 200 मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म तशीच होती, आत गटरच्या (छताच्या कडेच्या पन्हळीच्या) उंचीवर दोरीने सरकणारं 50 टक्क्यांचं हिरवं नेट. पहिल्या मेमध्ये वरची पानं भाजली. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या एका अनुभवी माणसाच्या सल्ल्याने पॉलिहाऊसच्या छतावर बाहेरून 75 टक्क्यांचं नेट ताणून पक्कं बांधलं. सल्ला त्या दिवसापुरता योग्य होता. बाहेरून लावलेलं नेट उष्णता आत येण्याआधीच अडवतं. आतलं नेट ऊन अडवतं खरं, पण तापतं ते घराच्या आतच. दुसरा मे सुखात गेला.

मग जून आला आणि ते नेट कुणी काढलं नाही. काढायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथे थोडी आकडेमोड करावी लागते. त्याशिवाय अण्णांच्या "उलट" या शब्दाचा उलगडा होत नाही. निरभ्र उन्हाळी दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. नवी फिल्म त्यातला 80 टक्क्यांच्या आसपास आत सोडते. यांची फिल्म जुनी, धुळकट; मीटरवर 70 टक्के निघाले. नेट एकावर एक आलं की टक्के बेरजेने मोजायचे नसतात, गुणाकाराने मोजायचे. 75 आणि 50 मिळून 125 होत नाहीत. 75 टक्क्यांच्या नेटखाली पाव उजेड उरतो, फिल्म त्याचे 70 टक्के करते, आतलं नेट उरलेल्याचं निम्मं करतं. मेच्या दुपारी रोपाला मिळाले सुमारे 8,700 लक्स. डेंड्रोबियमला साधारण 20,000 ते 30,000 हवे असतात. म्हणजे मेमध्येच सावली जास्त झाली होती. पण भाजणं थांबलं होतं, सगळे समाधानी होते.

आता जुलै. गिरणाऱ्याला शहरापेक्षा पाऊस जास्त, त्र्यंबकच्या बाजूचे ढग इकडूनच येतात. दाट ढगाळ दुपारी उघड्यावरच 20,000 लक्स. आतलं नेट मजुरांनी उघडं ठेवलं होतं, ते बरं केलं. तरी बाहेरचं नेट आणि फिल्म मिळून रोपाला मिळाले साडेतीन हजार. त्यात छतावरच्या ओल्या नेटवर शेवाळ धरलं, म्हणजे साडेतीनही नाहीत. अडीच-तीन महिने रोपं या अंधारात वाढली. बघायला फार सुंदर दिसत होती. पानं गडद हिरवी, लांब, मऊ, चकचकीत. गावातून येणारा-जाणारा कौतुक करायचा. जाणकार डोळ्याला ऑर्किडचं गडद हिरवं पान खटकतं. उजेड योग्य असेल तर ते किंचित पिवळट, पोपटी असतं.

गणपतीला फुलं आली नाहीत. केन, म्हणजे ऑर्किडची उभी खोडं, लांबले, फुलांचे दांडे निघाले नाहीत. दादरच्या आडत्याने विचारलं, ताईंनी रोपं पुरवणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला उजेड कमी पडतोय, नेट काढा. हेही बरोबरच. फक्त हे वाक्य आलं पितृपक्षात. मजुरांनी दोन दिवसांत छतावरचं नेट सोडवून गुंडाळून ठेवलं. त्याच आठवड्यात आभाळ उघडलं. पावसाने धुतलेली, धूळ नसलेली हवा, सूर्य अजून चांगला वर. आतलं नेट मजूर अकरा-साडेअकराला ओढत.

मी गेलो तेव्हा आतलं नेट ओढलेलं असताना बेंचच्या उंचीवर मीटरने 30,000च्या थोडं वर दाखवलं. कोणत्याही माहितीपत्रकात हा आकडा डेंड्रोबियमसाठी ठीक आहे असंच लिहिलेलं सापडेल. त्या "ठीक" उजेडात पानं भाजली, कारण ती साडेतीन हजारांत वाढली होती. एका आठवड्यात उजेड नऊपट.

सावलीत वाढलेलं पान पातळ असतं. जादा उजेड पचवायची, नको तेवढा उष्णतेच्या रूपात सोडून द्यायची त्याची तयारी झालेली नसते. ती व्हायला काही आठवडे लागतात, आणि ती मुख्यतः नव्या पानात होते, जुन्यात थोडीच. वर ऑर्किडची आणखी एक अडचण. मिरचीचं पान दुपारी पाणी उडवून स्वतःला गार ठेवतं. जाड पानांची बरीच ऑर्किडं दिवसा पानाची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कोरड्या जागी झाडाच्या फांदीवर जगायचं असेल तर पाणी वाचवायला ही युक्ती उत्तम आहे, पण दुपारच्या उन्हात पान तापत जातं. याच पॉलिहाऊसमध्ये मिरचीला कधी न भाजणारं ऊन ऑर्किडला भाजलं, ते एवढ्याचसाठी.

म्हणून माझं मत असं झालं, आणि ते मी अण्णांना तिथेच सांगितलं: हे ऑक्टोबरचं भाजणं जुलैत पेरलेलं आहे. नाशकात डेंड्रोबियमला मे जेवढा धोक्याचा, त्याहून ऋतूंचे सांधे धोक्याचे. पावसाळा उघडतो तो पंधरवडा सगळ्यात वाईट. रोपाला आज किती ऊन मिळतंय हे एकटं बघून भागत नाही. काल किती मिळत होतं त्याच्या शेजारी ठेवून बघावं लागतं.

सूर्य कुठून येतो

दक्षिणेच्या बेंचचं कोडं वेगळं होतं. छतावरून येणारा उजेड सगळीकडे सारखा, मग दक्षिणेची पहिली रांग जास्त का भाजली?

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, मधल्या दिवसांत तर किंचित उत्तरेकडे झुकतो. तेव्हा छतावरचं नेट पुरतं. दसऱ्याच्या सुमारास मात्र दुपारीही तो दक्षिणेकडे चांगला पंचवीस-तीस अंश कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी दुपारची त्याची उंची जेमतेम 46-47 अंश. हे ऊन गटरच्या उंचीवर ओढलेल्या नेटच्या खालून, बाजूच्या भिंतीतून आत शिरतं. चार मीटर उंचीची भिंत धरली तर डिसेंबरात दुपारी बेंचच्या उंचीवर तीनेक मीटर आतपर्यंत थेट ऊन पडतं. वर नेट कितीही टक्क्यांचं असो, या रांगांना त्याचा उपयोग शून्य. पश्चिमेची तीच कथा, दुपारी तीननंतर, आणि ते ऊन जास्त वाईट कारण तोवर घर तापलेलं असतं.

घड्याळाचीही एक गंमत आहे. नाशकात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर साधारण अर्ध्या तासाने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वीसेक मिनिटांनी, फेब्रुवारीत पाऊण तासाने. भारताची प्रमाणवेळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावरची आहे, म्हणून. मजूर नेट ओढायचे अकराला आणि जेवून आले की दोनला उघडायचे. तापमानाची कमान तर दोन-तीनला चढलेली असते. दोनला नेट उघडणं म्हणजे सगळ्यात गरम तासाला पान उघडं टाकणं.

काम करणाऱ्यांत त्र्यंबककडच्या एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या डोंगरात आंब्यावर, ऐनावर ही बांडगुळं उन्हातच असतात, त्यांना कोण नेट लावतं? बांडगूळ नव्हे ते, झाडाचा रस पीत नाहीत, नुसता आधार घेतात. पण प्रश्न नेमका होता. आपल्या सह्याद्रीतली काही डेंड्रोबियमं उन्हाळ्याआधी पानं टाकून देतात, उघड्या केनवर फुलतात आणि ऊन अंगावर घेत झोपून राहतात. पावसाळ्यात झाडाला पालवी फुटून दाट सावली होते, तेव्हा यांनाही पानं येतात. म्हणजे उन्हाळ्यात ऊन आणि पावसाळ्यात सावली. सोनियाचे पूर्वज उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूचे. ही जात पान बारमाही ठेवते आणि आपण तिच्याकडून फुलंही बारमाही मागतो. जंगलात बघून शिका हा सल्ला मला एरवी आवडतो, पण इथे तो लावला तर उन्हाळ्यात बाग भाजेल आणि पावसाळ्यात अंधारात राहील. अंधाराचा प्रयोग तर होऊन गेलाच होता.

काय बदललं

आधी तातडीचं. गुंडाळलेलं 75चं नेट पुन्हा छतावर टाकायला अण्णा तयार झाले, पण मी नको म्हटलं. पुन्हा अंधारात ढकलून काही महिन्यांनी तोच प्रश्न. त्याऐवजी आतलं नेट सकाळी साडेनऊपासून चारपर्यंत ओढून ठेवायचं, फाटलेला एक पट्टा शिवून घ्यायचा, आणि 75च्या नेटचे तुकडे करून दक्षिण आणि पश्चिम बाजूला भिंतीसारखे उभे टांगायचे. फवारणी बंद. भाजलेली पानं तोडायची नाहीत. चट्टा भरून येत नाही, पण पानाचा उरलेला हिरवा भाग केनला पोसत असतो. दिसायला वाईट म्हणून ते काढलं तर रोपाचा दुहेरी तोटा. ताईंना हे जड गेलं, बाग बघायला येणारे लोक काय म्हणतील म्हणून.

मग वर्षभराचं. छतावर 75 ऐवजी 50 टक्क्यांचं नेट घेतलं, प्रत्येक गाळ्याला (छताच्या एकेका कमानीला) वेगळं, पाइपवर गुंडाळता येईल असं. दुकानात 50 म्हणून दिलेलं नेट खरंच 50 असेलच असं नाही, म्हणून ताई मीटर घेऊन गेल्या आणि दुकानाबाहेर उन्हात तुकडा धरून मोजून आणला. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपवर मात्र भरवसा ठेवू नये. फोनचा सेन्सर वरून येणाऱ्या उजेडासाठी बनवलेला नसतो, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात. साधा लक्स मीटर घ्यावा, पानाच्या उंचीवर आडवा धरावा, आपली सावली पडू देऊ नये.

ठरलं ते असं. महाशिवरात्र ते होळी या दरम्यान बाहेरचं 50चं नेट चढवायचं. एप्रिल-मेमध्ये दोन्ही नेट मिळून दुपारी 17-18 हजार लक्स राहतात. चाळिशीच्या उष्णतेत आणि कोरड्या हवेत एवढंच पुरे. सकाळी साडेदहापर्यंत आणि चारनंतर आतलं नेट उघडं, म्हणजे दिवसभराचा एकूण उजेड भरून निघतो. बरेच जण दुपारचा आकडा तेवढा बघतात. रोप दिवसभराची बेरीज खातं.

जूनमध्ये पहिल्या वळवाला बाहेरचं नेट काढायचं नाही. वळवानंतर पुन्हा चार दिवस कडक ऊन पडतं आणि सूर्य तेव्हा डोक्यावर असतो. सलग ढगाळ दिवस लागले, की संध्याकाळी काढायचं. तिथून सप्टेंबरपर्यंत छत उघडं, नुसती फिल्म. ढगाळ दुपारी आत 14 हजारांच्या आसपास, आधीच्या चौपट. आतलं नेट हाताशी: ऊन पडलं की ओढा, ढग आले की उघडा. याच काळात खतात नत्र कमी आणि पालाश जास्त, कारण कमी उजेडात नत्र दिलं तर पान पुन्हा तेच गडद, मऊ होतं.

पितृपक्ष लागला की बाहेरचं नेट परत चढवायचं, आभाळ उघडण्याआधी. हेच अण्णांना सगळ्यात विचित्र वाटलं. "फुलं हवीत दिवाळीला आणि लग्नाला, आणि तुम्ही ऐन वेळी सावली वाढवता?" तीन आठवड्यांपुरती. बाहेरचं नेट ठेवून आतल्या नेटचे तास आठवड्याआठवड्याने कमी करायचे, दहा ते चार, मग अकरा ते साडेतीन, मग बारा ते तीन. पान पोपटी व्हायला लागलं, हाताला टणक लागायला लागलं की दिवाळीच्या सुमारास बाहेरचं नेट काढून टाकायचं, आणि फिल्म एकदा धुऊन घ्यायची. थंडीत फक्त आतलं नेट, अकरा ते साडेतीन, आणि दक्षिणेचं उभं नेट फेब्रुवारीपर्यंत. चारला बाजूचे पडदे बंद, दिवसाची ऊब कोंडून ठेवायला. रात्री आतलं नेट ओढलेलं. तरी पहाटेच्या गारठ्यात डेंड्रोबियम थांबतंच, 15 अंशांच्या खाली ते वाढत नाही. जानेवारीत फुलं कमी येणार हे धरून चालायचं, त्यासाठी उजेड वाढवून उपयोग नाही.

चुन्याचा प्रश्न आला. नेटपेक्षा चुना स्वस्त, मिरचीवाले छतावर मारतात. मार्चमध्ये मारला तर चालतो, कारण जूनचा पाऊस तो आपोआप उतरवतो. ऑक्टोबरात मारला तर पुढचे आठ महिने त्याला उतरवायला पाऊस नाही, आणि डिसेंबरात, जेव्हा उघड्यावरच दुपारी 70 हजारांच्या आसपास उजेड उरतो, छत पांढरंच. माझं मत चुन्याच्या विरुद्ध आहे, कारण सावली सरकवता येणं हाच इथला सगळा मुद्दा, आणि चुना सरकत नाही.

मजुरांना लक्सचे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्यांना दोन खुणा दिल्या. पानाच्या वर हातभर अंतरावर पंजा धरायचा. सावली कातरल्यासारखी ठसठशीत पडली तर ऊन जास्त, कडा पुसट असतील तर बरोबर, सावलीच ओळखू येत नसेल तर अंधार. आणि दुपारी पान गालाला लावायचं; गरम लागलं तर नेट ओढायचं, घड्याळात काहीही वाजलेलं असो. मावशी गालाची खूण इतक्या लगेच शिकल्या की पुढे ताई मीटरआधी त्यांना विचारायला लागल्या.

पुढचं वर्ष

पुढचा पावसाळा सुरळीत गेला, एक दिवस सोडून. बैलपोळ्याला सगळे मजूर घरी. सकाळी आभाळ गच्च, आतलं नेट उघडं. अकरानंतर ढग फाटले ते चारपर्यंत. घरातले सगळे बैल मिरवायला गावात. संध्याकाळी ताई गेल्या तेव्हा मधल्या गाळ्यातल्या कोवळ्या पानांचे शेंडे पांढरे पडले होते. तेव्हापासून नियम झाला: पॉलिहाऊसवर माणूस नसेल त्या दिवशी आतलं नेट ओढलेलंच राहील, ढग असोत की नसोत. एक दिवस उजेड कमी मिळाला तर रोपाचं काही जात नाही. एक दुपार भाजलं तर ते पान आयुष्यभर तसंच राहतं.

एरवी फरक डोळ्यांना दिसत होता. केन बुटके पण जाड, पानं पोपटी. सप्टेंबरच्या शेवटी नेट चढवलं, आणि यंदाचा ऑक्टोबर पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या थोड्या पानांवर निभावला, तिथे उभं नेट वाऱ्याने सुटलं होतं. दिवाळीत दादरला माल गेला. दांड्याची लांबी अजून हवी तशी नाही, आणि ती एका वर्षात येणारही नाही. यंदा फुललेले बरेच केन त्या अंधाऱ्या पावसाळ्यातलेच आहेत. नव्या केनवरचा दांडा पुढच्या मोसमात कळेल.

वाद आता मोटरवर आहे. ताईंना उजेडाच्या सेन्सरवर आपोआप सरकणारा पडदा हवाय, पोळ्याच्या दिवसाचा दाखला देऊन. अण्णा म्हणतात, आधी फिल्म. ती पाचव्या वर्षात आहे, ठिकठिकाणी ठिसूळ झालीय. माझं मत अण्णांच्या बाजूने पडलं, पण वेगळ्या कारणाने. नवी फिल्म आली की 70चे 80 टक्के होतील, आणि वहीतले नेट ओढायचे सगळे तास चुकीचे ठरतील. सेन्सर आधी बसवला तर त्याचे आकडेही पुन्हा बदलावे लागणार. शिवाय फिल्म कधी बदलायची हाही सावलीचाच प्रश्न आहे. मार्चमध्ये बदलली तर चढत्या उन्हात एकदम वाढीव उजेड, आणि उन्हाळ्यात वारा प्लास्टिक हातात धरू देत नाही. संक्रांत उलटली, पहाटेचा गारठा कमी झाला की जानेवारीच्या शेवटी, वारा पडलेल्या सकाळी, रोज दोन गाळे याप्रमाणे काम करायचं ठरलंय. सूर्य तेव्हा अजून खाली असतो. प्लास्टिकवाल्याला सांगून ठेवलंय, आणि त्या आठवड्यात आतलं नेट दिवसभर ओढलेलं राहील.